हौशी स्पर्धांसाठी गाडीच्या चाकाचं माप कसं ठरवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटोक्रॉस (शंकू मांडून आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाविरुद्धची फेरी), ट्रॅक डे, टाइम अटॅक, हिलक्लाइंब, क्लब रॅली यांत स्वतःची रोजची किंवा खास तयार केलेली गाडी उतरवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. चाकाच्या मापावर चर्चा पुष्कळ होते, पण ती बहुतेक वेळा रिमच्या इंचांभोवतीच फिरत राहते. इथे थोडं वेगळ्या क्रमाने जाऊ.

सुरुवात कुठून करायची? आधी रिम घ्यायची की टायर?

आधी टायर ठरवायचा. बहुतेकजण नेमकं उलटं करतात. एखादी रिम मनात भरते, ती घेतात, आणि मग त्या मापात चांगला टायरच निघत नाही म्हणून मिळेल तो चढवतात. पण जमिनीला टेकतो तो टायर. त्याला नीट धरून ठेवायचं, ब्रेकला जागा द्यायची आणि हे सगळं कमीत कमी वजनात करायचं, इतकंच रिमचं काम.

म्हणून आधी तुमच्या वर्गात कोणते टायर चालतात ते बघा. त्यातले खरोखर वेगवान टायर कोणत्या मापांत निघतात ते लिहून काढा. त्यातलं कोणतं माप आपल्या फेंडरखाली, म्हणजे चाकावरच्या पत्र्याखाली, मावेल ते मोजा. रिमचा शोध त्यानंतर सुरू होतो.

हौशी स्पर्धांत सर्वाधिक चालणाऱ्या २०० ट्रेडवेअरच्या टायरचंच उदाहरण घ्या (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती लवकर झिजतो ते सांगणारा आकडा). १५ इंचात १९५/५०, २०५/५० आणि २२५/४५ ही मापं बऱ्याच कंपन्या काढतात. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या टक्क्यांत; पुढे ‘आर १५’ असेल तर रिम १५ इंची. १७ इंचात २१५/४५, २३५/४०, २४५/४० आणि २५५/४० सहज सापडतात. १४ आणि १६ इंचांत मात्र पर्याय विरळ. मूळ १६ इंची चाकं असलेल्या गाड्यांचे मालक स्पर्धेसाठी १५ किंवा १७ कडे वळतात, त्यामागे हेच कारण असतं.

रिमवर लिहिलेलं ‘१५ × ७जे, ईटी ३५, ४ × १००’ कसं वाचायचं?

१५ म्हणजे व्यास इंचांत, ७ म्हणजे रुंदी इंचांत. ही दोन्ही मापं टायरची बीड, म्हणजे रिमला धरणारी आतली कड, जिथे बसते तिथली असतात, रिमच्या बाहेरच्या कडेची नव्हेत. टेप लावून कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर १५ इंची रिम १६ इंचांहून जास्त भरते आणि ७ इंची रिम जवळपास ८ इंच रुंद दिसते. जुनी रिम घेताना यात फसायला होतं, म्हणून मागच्या बाजूला ओतलेला आकडा वाचा. ‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार आहे. ४ × १०० म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ईटी म्हणजे ऑफसेट. त्याचा प्रश्न पुढे स्वतंत्र घेतला आहे.

मोठ्या व्यासाच्या चाकाने ग्रिप वाढते ना?

नुसता रिमचा व्यास वाढवून ग्रिप वाढत नाही. ती येते टायरच्या रबरातून, त्याच्या रुंदीतून, त्याच्या तापमानातून आणि सस्पेन्शन तो टायर जमिनीवर किती सपाट टेकवून धरतं त्यातून. रिम मोठी केली आणि टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवला की साइडवॉल तेवढी बुटकी होते. त्याने स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो, वळणात शिरताना गाडी थेट वाटते. हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमतही खरी आहे. धातूचं कडं मध्यापासून दूर सरकतं, वजन सहसा वाढतं, टायर महाग होतो, आणि खड्ड्यात किंवा कर्बवर रिम वाकण्याची शक्यता वाढते.

आकड्यांत बघा. २०५/५० आर १५ ची साइडवॉल साधारण १०२ मिलिमीटर असते, तर २०५/४० आर १७ ची ८२. या २० मिलिमीटरच्या फरकाने स्टिअरिंग तरतरीत होतं खरं, पण ट्रॅक उखडलेला असेल तर गाडी उड्या मारते आणि हातात आलेली ग्रिप निसटते. गाडी तरतरीत वाटणं आणि घड्याळात वेळ कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय घड्याळावरून घ्या.

मग नेमके किती इंच घ्यायचे?

तुमचे ब्रेक सामावून घेणारी आणि तुम्हाला हवा तो टायर ज्या मापात मिळतो अशी सर्वांत लहान रिम. हलक्या हॅचबॅकला आणि छोट्या स्पोर्ट्सकारला ते बहुतेक वेळा १५ इंच निघतं. मध्यम वजनाच्या, जास्त ताकदीच्या गाड्यांना १७. जड सेदान आणि मोठ्या ब्रेकच्या गाड्यांना १८ शिवाय गत्यंतर नसतं.

माझदा एमएक्स-५ चं उदाहरण बोलकं आहे. पहिल्या पिढीची गाडी १४ × ५.५ इंची चाकांवर आणि १८५/६० आर १४ टायरवर आली होती. आज त्याच गाड्या स्पर्धेत १५ इंची आणि चांगल्या रुंद रिमवर पळताना दिसतात. व्यास फक्त एक इंचाने वाढला, रुंदी मात्र दीड ते साडेतीन इंचांनी.

ब्रेकला जागा पुरेल का हे रिम न आणता कसं कळेल?

पुठ्ठ्याचा साचा करा. चाक काढा, डिस्कच्या मध्यापासून कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सर्वांत बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यानंतर हबच्या ज्या सपाट पृष्ठभागावर रिम टेकते तिथे पट्टी आडवी धरा आणि कॅलिपर त्या पातळीच्या किती पुढे येतो ते मोजा. ही दोन अंतरं जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापली की कॅलिपरची अर्धी बाह्यरेषा हातात येते. हा तुकडा घेऊन कुणाच्याही रिमच्या आतल्या बाजूला धरता येतो. मध्यबिंदू जुळवून पूर्ण फेरा फिरवायचा.

जागा दोन ठिकाणी कमी पडते. कॅलिपर आणि कडं यांच्यात, आणि कॅलिपर आणि स्पोकच्या पाठीमध्ये. पहिली अडचण व्यासाची, दुसरी स्पोकच्या आकाराची. म्हणूनच एका कंपनीची १५ इंची रिम बसते आणि दुसरीची त्याच मापाची बसत नाही. दोन्ही ठिकाणी निदान ३ मिलिमीटर मोकळे हवेत. आतून चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरच्या रेषेत येणार असतील तर त्यांच्या जाडीचा हिशेब वेगळा धरा, नाहीतर पहिल्याच फेरीत ती खरवडली जातात.

फॉर्म्युला वनने १८ इंची चाकं घेतली, मग आपण लहान का घ्यायची?

२०२१ पर्यंत त्या गाड्या १३ इंची रिमवर धावत होत्या. २०२२ पासून १८ इंची आल्या, तेव्हा टायरचा बाहेरचा व्यासही ६७० वरून ७२० मिलिमीटर झाला. रस्त्यावरच्या टायरशी नातं जवळचं व्हावं आणि साइडवॉलचं डोलणं कमी व्हावं हे त्यामागचे हेतू. इतकी वर्षं जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या १३ इंचांवर वळत होत्या, आपल्याला ही गोष्ट जास्त उपयोगाची. तिथलं माप नियमाने ठरतं, आपलं आपल्या गाडीच्या गरजेने ठरवायचं.

रिमची रुंदी किती असावी?

मला विचाराल तर व्यासापेक्षा हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि नेमकं इथेच लोक काटकसर करतात.

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मान्य मर्यादा असते. २०५/५० आर १५ ला ५.५ ते ७.५ इंच, २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५ इंच, २४५/४० आर १७ ला ८ ते ९.५ इंच. मर्यादेच्या खालच्या टोकाची रिम घेतली तर टायर दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखा बसतो, ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा पट्टा, मध्ये फुगतो, आणि वळणात साइडवॉल आडवी होऊन टायर खांद्यावर, म्हणजे ट्रेडच्या कडेवर, लोळतो. तो लोळू नये म्हणून हवेचा दाब वाढवावा, तर मधला भागच जमिनीला टेकतो. वरच्या टोकाकडे गेलं की साइडवॉल सरळ उभी राहते, ट्रेड सपाट बसतो, दाब कमी ठेवता येतो आणि खांदा झिजायचा थांबतो.

त्यामुळे स्पर्धेसाठी मान्य मर्यादेतली सर्वांत रुंद किंवा तिच्या लगतची रिम घ्यावी. २०५ चा टायर ६ इंचांवरून ७.५ इंचांवर नेला की तोच टायर वेगळा वाटायला लागतो. २२५ चा टायर ७ इंचांवर आणि २०५ चा ७.५ वर अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर २०५ वाल्याला कमी लेखू नका. काही स्पर्धक मर्यादेच्याही अर्धा-एक इंच पुढे जातात. तसं करताना टायर कंपनीचं पाठबळ राहत नाही आणि काही आयोजक तांत्रिक तपासणीत अशी गाडी परत पाठवतात, हे लक्षात असू द्या.

रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने वाढते. फेंडरखालच्या जागेचा हिशेब करताना हे मिलिमीटर विसरू नका.

आत्ताची रिम अरुंद पडते आहे हे ओळखायचं कसं?

एका खडूने कळतं. टायरच्या खांद्यावर, ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, आडव्या जाड रेघा ओढा. दोन-तीन ठिकाणी पुरेत. एक फेरी मारून या आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघा. बऱ्याच टायरवर तिथे एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्याच्या टोकापर्यंत पुसला असेल तर ठीक. त्रिकोणाच्या खाली, साइडवॉलवर उतरला असेल तर टायर लोळतो आहे. आधी दाब थोडा वाढवून बघा, मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत किंवा बाहेर झुकलेला कल. दोन्ही करूनही खडू खालपर्यंत जातच असेल तर रिम अरुंद आहे.

जोडीला सुईचा तापमापक असेल तर फेरीतून येताच ट्रेडच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान घ्या. मधला भाग थंड असेल तर दाब कमी आहे, मधलाच जास्त गरम असेल तर दाब जास्त. बाहेरची कड एकटीच तापत असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे किंवा रिम अरुंद आहे.

जितका रुंद टायर तितकी गाडी वेगवान, असं समजायचं का?

नाही. टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ते मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. बदलतो तो त्या ठशाचा आकार. तो आडवा पसरतो आणि पुढून मागे आखूड होतो. त्यामुळे वळणातली पकड सुधारते आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. लांब फेऱ्यांच्या ट्रॅकवर हे वरदान आहे, कारण टायर शेवटपर्यंत तग धरतो.

ऑटोक्रॉसमध्ये एक फेरी मिनिटभराची असते. ९०० किलोंची गाडी आणि खूप रुंद टायर अशी जोडी असेल तर फेरी संपते तरी रबर कामाच्या तापमानाला आलेलं नसतं. पावसाळी किंवा थंड दिवशी तर ही गाडी अरुंद टायरवाल्याच्या मागे राहते. शिवाय रुंद टायर हवा जास्त अडवतो आणि वजनही वाढवतो. ताकद कमी असलेल्या गाडीला सरळ पट्ट्यावर ते जाणवतं.

ऑफसेट बदलला तर काय होतं?

रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत.

समजा मूळ रिम ७ इंची, ईटी ४० आहे आणि तुम्ही ८ इंची, ईटी ३५ घेताय. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने वाढली. निम्मी, म्हणजे १२.७, प्रत्येक बाजूला जाईल. ऑफसेट ५ ने कमी झाल्यामुळे सगळं चाक ५ मिलिमीटर बाहेर आलं. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर येईल आणि आतली ७.७ मिलिमीटर आत जाईल. आता गाडीजवळ जाऊन बघायचं की शॉक अबसॉर्बर आणि आतली कड यांच्यात सध्या किती मोकळं आहे, आणि फेंडरच्या कडेला किती.

चाक बाहेर आलं की डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढतं आणि वळणात गाडी जास्त स्थिर वाटते. पण पुढच्या चाकांत स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्यापासून टायर दूर गेला की स्टिअरिंग जड होतं, खाचखळग्यांत हातातून ओढतं, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत एक्सलरेटर दाबताच स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देणारा ताकद वाटपाचा भाग) असेल तर आणखीच. व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो. फक्त दिसायला चाक फेंडरच्या रेषेत आणण्यासाठी ऑफसेट फार खाली नेऊ नका. रुंद रिम आत जितकी सरकवता येईल तितकी सरकवा, बाहेर यायचं ते मग येऊ द्या.

बाहेरचा व्यास बदलला तर गिअरवर किती परिणाम होतो?

थेट त्याच प्रमाणात. १९५/५० आर १६ चा व्यास ६०१ मिलिमीटर, २०५/५० आर १५ चा ५८६. फरक अडीच टक्क्यांचा. मूळ चाकांवर दुसऱ्या गिअरची कमाल ताशी ९५ किमी असेल, तर आता ती साडेब्याण्णवच्या आसपास येईल. प्रत्येक गिअरमध्ये ओढ मात्र अडीच टक्क्यांनी वाढली.

ऑटोक्रॉसमध्ये हा फरक निर्णायक ठरू शकतो. कोर्सवर सर्वाधिक वेग ९४ असेल, तर लहान टायरवाल्याला तिसरा गिअर टाकावा लागेल आणि लगेच परत दुसरा. त्यात मिळवलेलं सगळं जातं. म्हणून आधी लॉगरवर (फेरीतले वेगाचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) किंवा व्हिडिओवर बघा, की तुमच्या स्पर्धांत दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कितीपर्यंत फिरतं.

व्यास १५ मिलिमीटरने कमी झाला की गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेसात मिलिमीटरने, खाली येते. सस्पेन्शनच्या हालचालीतलं काहीही खर्च न करता गुरुत्वमध्य खाली आला, हा चांगलाच फायदा. स्पीडोमीटर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो.

रिमचं वजन किती मनावर घ्यायचं?

मनावर घ्या, पण टायरचं वजन त्याहून जास्त. फिरणारं वजन मध्यापासून जितकं लांब तितकं ते वेग घेताना आणि ब्रेक लावताना जड पडतं. ट्रेडवरचा एक किलो वेग वाढवताना जवळपास दोन किलोंसारखा वागतो. १५ इंची रिमच्या कड्यावरचा एक किलो साधारण दीड किलोंसारखा. हबजवळचा एक किलो एकच राहतो. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये किलोभराचा फरक सहज निघतो, आणि तो सगळा परिघाजवळ असतो. लोक रिमच्या पाचशे ग्रॅमसाठी दुप्पट पैसे मोजतात आणि टायर तराजूवर ठेवून बघत नाहीत.

दुसरा परिणाम सस्पेन्शनवर. स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की चाक जमिनीच्या उंचसखलपणामागे चटकन जातं. खडबडीत ट्रॅकवर हे पहिल्याच फेरीत जाणवतं.

पण रुंदी आणि वजन यांत निवड करायची वेळ आली तर रुंदी घ्या. साडेसहा इंची हलकी रिम ही साडेसात इंची थोड्या जड रिमला घड्याळावर क्वचितच हरवते.

पुढे आणि मागे वेगळी मापं ठेवावीत का?

इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत वजन मागे असतं, तिथे ते गरजेचं असतं. दुसऱ्या पिढीपासूनच्या लोटस एलीझला पुढे १६ आणि मागे १७ इंची चाकं याच कारणाने होती. इंजिन पुढे असलेल्या गाडीला चारही सारखी ठेवा. टायर अदलाबदल करता येतात, एक पंक्चर झाला तर एकच सुटा पुरतो, आणि मागचे टायर रुंद केल्याने वळणातही नाक सरळच धरून पळायची सवय गाडीला लागत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे रुंद टायर घालण्याला काहीच अर्थ नाही.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत बाहेरच्या व्यासातला थोडा फरकही मधल्या डिफरन्शियलला तापवतो. नवे आणि अर्धे झिजलेले टायर मिसळूनही तेच होतं. एबीएसचा हिशेबही पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याच्या प्रमाणावर चालतो, तेव्हा मूळ प्रमाण फार हलवू नका.

रॅली आणि ड्रॅगसाठीही हेच सगळं लागू आहे का?

मातीवरच्या रॅलीत गणित उलटं होतं. तिथे उंच साइडवॉल हीच रिमची ढाल असते आणि टायर अरुंद हवा, म्हणजे तो सैल माती चिरून खालच्या घट्ट थराला लागतो. डब्ल्यूआरसीच्या, म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या, वरच्या वर्गातल्या गाड्या गेली कित्येक वर्षं मातीवर १५ आणि डांबरावर १८ इंची चाकं वापरत आल्या आहेत. एकाच गाडीला दोन मापं लागतात, यावरून पृष्ठभागाचं महत्त्व लक्षात यावं. मातीसाठी स्टीलची रिमही वाईट नाही. ती वाकते, पण सहसा तडकत नाही, आणि ठोकून पुढचा टप्पा गाठता येतो.

ड्रॅगमध्ये ताकद जाणाऱ्या चाकांवर लहान रिम आणि उंच, मऊ साइडवॉल लागते. सुटताना ती मुडपते आणि ठसा लांब होतो.

हब बोअर जुळत नसेल तर?

रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग घालून जुळवा. प्लास्टिकच्या रिंग रस्त्यावर ठीक असतात. ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने त्या मऊ पडतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या घ्या. भोक हबपेक्षा लहान असेल तर ती रिम तुमच्यासाठी नाही.

स्पेसर वापरले तर चालतील?

योग्य ऑफसेटची रिम मिळत असेल तर स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यात घालायच्या चकत्या, टाळा. वापरायचेच झाले तर हबवर घट्ट बसणारे घ्या आणि लांब स्टड (नट ज्यावर बसतो तो हबमधला आट्यांचा दांडा) टाका. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे. १२ × १.५ च्या (१२ मिलिमीटर जाड, दर फेऱ्याला १.५ मिलिमीटर पुढे सरकणाऱ्या) स्टडवर त्याचे निदान ८ पूर्ण फेरे होतात, १२ × १.२५ वर साधारण १०. हाताने फिरवून मोजा. नटची बैठकही बघा. बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांची निमुळती बैठक असते, काही कंपन्यांचे मूळ नट गोलसर असतात. गोल नट निमुळत्या बैठकीत आवळला जातो, बसलेला दिसतो, आणि पुढे सैल पडतो. ही चूक जिवावर बेतू शकते.

नियमपुस्तिकेत काय शोधायचं?

व्यास, रुंदी आणि ऑफसेट किती बदलता येतो, टायर फेंडरबाहेर दिसला तर चालतो का, फेंडरची कड वाकवायला परवानगी आहे का, आणि स्पेसरबद्दल काय लिहिलंय. सुरुवातीच्या वर्गांत मूळ रुंदी कायम ठेवायची अट अनेकदा असते. अर्ध्या इंचामुळे गाडी वरच्या वर्गात ढकलली गेली तर समोर पूर्ण तयार केलेल्या गाड्या असतात. पैसे भरण्याआधी ही पानं वाचा आणि शंका असेल तर आयोजकांकडून लेखी उत्तर घ्या.

कास्ट, फ्लो-फॉर्म्ड, फोर्ज्ड यांतली कोणती?

हौशी स्पर्धकाला फ्लो-फॉर्म्ड रिम पैशाच्या मानाने सर्वांत जास्त देते. तिचं कडं ओतल्यानंतर गरम असताना रुळाखाली दाबून पातळ आणि चिवट केलेलं असतं. फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेली, त्याहून मजबूत आणि हलकी, पण महाग. साधी कास्ट, म्हणजे नुसती ओतलेली, रिमही नामांकित कंपनीची असेल तर चालते. जेडब्ल्यूएल, व्हीआयए किंवा टीयूव्हीची खूण आणि भार-क्षमतेचा आकडा मागे असलाच पाहिजे. महाग रिमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, खूण नसलेल्या रिम ट्रॅकवर नेऊ नका.

टायरचा भार निर्देशांकही, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, याच वेळी तपासा. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५.

वापरलेली रिम घेताना काय बघायचं?

आतली कड. बाहेरून चकचकीत रिम आतून वाकलेली असते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून कडेचं डोलणं बघा. स्पोक कड्याला आणि मध्याला जिथे मिळतात तिथे मागून, कापडाने पुसून, तिरप्या उजेडात केसाएवढी रेघ शोधा. वेल्डिंग केलेली दिसली तर सोडून द्या. नुकताच रंग चढवलेल्या रिमबद्दल जास्त सावध राहा. रंगाखाली तडा लपतो, आणि पावडर कोटिंग जास्त तापमानावर भाजलं असेल तर धातूची ताकदही उतरते.

रोजच्या वापराला आणि स्पर्धेला एकच सेट ठेवला तर?

पहिल्या वर्षी ठेवा. पुढे जमेल तेव्हा दुसरा सेट करा. स्पर्धेचे टायर रोजच्या रस्त्यावर उष्णतेच्या चढउताराने कडक होतात, आणि पावसात धोकादायकही ठरतात. दुसरा सेट लहान व्यासाचा असेल तर चारही चाकं गाडीच्या आत मावतात का तेही बघून ठेवा.

मूळ चाकंच ठेवून स्पर्धेत उतरलो तर?

अवश्य उतरा. मूळ रिमवर चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल, पुरेसं ब्रेक पॅड आणि चाकांचं नीट अलाइनमेंट, इतक्यावर गाडी अपेक्षेपेक्षा खूप पुढे जाते. एक मोसम असा चालवला की गाडीला काय कमी पडतंय ते तुम्हालाच सांगता येईल. बाहेरचा खांदा झिजतोय, दुसरा गिअर संपतोय, की तिसऱ्या फेरीनंतर टायर तापून घसरतोय. यातल्या प्रत्येक तक्रारीला चाकाचं वेगळं माप हे उत्तर आहे.

नवी चाकं घासतायत का हे कसं तपासायचं? पहिल्या दिवशी आणखी काय बघायचं?

जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून बघणं पुरेसं नाही. गाडी स्टँडवर घ्या, एका कोपऱ्याची स्प्रिंग काढा, चाक लावा आणि खालून जॅकने ते सस्पेन्शन बंप स्टॉपला (हालचाल जिथे संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर उचला. या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फेंडरची कड, आतलं प्लास्टिक, शॉक अबसॉर्बर, ब्रेकचा होज, प्रत्येकाजवळ हात घालून बघा. वळणात टायर स्वतःही आडवा झुकतो, म्हणून आतून ५ मिलिमीटर तरी मोकळे ठेवा.

मैदानावर गेल्यावर नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा, पहिली फेरी निम्म्या वेगात मारा आणि परत येताच फेंडरच्या आतून हात फिरवा. रबराची काळी पूड किंवा चकाकलेला पट्टा लागला तर कुठे घासतंय ते तिथेच कळतं. चाकं थोडी निवली की नट पुन्हा तपासा. नव्या रिमचा रंग दबल्यामुळे पहिल्या दिवशी ते हमखास थोडे सैल सापडतात, तेव्हा प्रत्येक फेरीआधी रेंच लावा.